खोकड पाळायचं म्हणताय, तर आधी त्याचा दहावा महिना बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एका पैदास करणाऱ्याकडे लाल रंगाच्या 'कोल्ह्या'चं सहा आठवड्यांचं पिल्लू मिळतंय, घरात दोन मुलं आणि एक मांजर आहे, आणि लहानपणापासून बाटलीवर वाढवलं तर ते कुत्र्यासारखंच होईल ना? मी प्राण्यांची डॉक्टर आहे. सतरा वर्षं वन्य प्राण्यांवर उपचार करते आहे, आणि त्यातली अकरा वर्षं लोकांनी हौसेनं आणून मग सोडून दिलेली खोकडंही सांभाळते आहे. माझं उत्तर 'नाही' आहे. पण नुसतं 'नाही' ऐकलं की माणूस दुसऱ्या कुणाला तरी विचारतो आणि पिल्लू घरी आणतोच, म्हणून कारणं सविस्तर सांगते.

आधी शब्दाचं बघू. मराठीत बोलताना आपण फॉक्सलाही कोल्हाच म्हणतो. द्राक्षं आंबट म्हणणारा कोल्हाच. पण कोल्हा म्हणजे जॅकल, तो लांडग्याचा आणि कुत्र्याचा जवळचा नातलग. फॉक्स म्हणजे खोकड, आणि ते या घराण्यातलं बरंच लांबचं भावंड आहे. कुत्र्याच्या पेशीत 78 गुणसूत्रं असतात, कोल्ह्याच्याही 78. लाल खोकडाच्या पेशीत मुख्य गुणसूत्रं 34 आणि सोबत काही चिमुकली जादा. लाल खोकड आणि कुत्रा यांचा संकर म्हणून कुणी पिल्लू विकत असेल तर तो खोटं बोलतोय. आणि कुत्र्याच्या अनुभवावरून खोकडाचा अंदाज बांधणंही तितकंच फसवं आहे.

माणसाळलेलं आणि पाळीव हे दोन शब्द आपण एकाच अर्थानं वापरतो, सगळी गफलत तिथं होते. माणसाळणं एका जिवाच्या आयुष्यात घडतं. पिल्लू तुमच्या हातून दूध पितं, तुमचा वास ओळखतं, तुम्हाला घाबरेनासं होतं. पाळीवपणा पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीतून येतो आणि रक्तात उतरतो. याचा सगळ्यात भक्कम पुरावा खोकडांवरच मिळालेला आहे. 1959 मध्ये दिमित्री बेल्यायेव आणि त्यांच्या सहकारी ल्युडमिला त्रुत यांनी सायबेरियात, नोवोसिबिर्स्कला, एक प्रयोग सुरू केला. फरसाठी चालवल्या जाणाऱ्या फार्मवरून त्यांनी 30 नर आणि 100 माद्या आणल्या. ही चंदेरी खोकडं, म्हणजे लाल खोकडाचाच काळा-रुपेरी रंगप्रकार. दर पिढीत माणसाला सगळ्यात कमी घाबरणारी, सगळ्यात कमी चावरी खोकडं तेवढी निवडायची (नरांमध्ये तर शंभरातले जेमतेम चार-पाच) आणि त्यांचीच वीण पुढं न्यायची. पिल्लांना लळा लावायचा नाही, काही शिकवायचं नाही, माणसाचा सहवासही मोजकाच. दहाव्या पिढीत माणूस दिसताच शेपूट हलवत येणारी, हात चाटणारी पिल्लं 18 टक्के निघाली. विसाव्या पिढीत 35 टक्के. चाळीस वर्षांनी हे प्रमाण 70 ते 80 टक्क्यांवर गेलं. शांत वाणाचे गर्भ आक्रमक वाणाच्या मादीच्या पोटात वाढवून पाहिले, तरी पिल्लं आपल्या मूळ वाणावरच गेली.

या प्रयोगाचा दाखला विक्रेते फार देतात, 'आमचीही तशीच आहेत' म्हणून. तुम्ही एवढंच विचारा: निवड कशावर केली? 'आमची खोकडं पाच पिढ्या पिंजऱ्यातली आहेत' हे त्याचं उत्तर नव्हे. कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड बेटावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून खोकडांची पिंजऱ्यात पैदास होत होती, आणि सायबेरियातल्या प्रयोगातली खोकडं मुळात त्याच वंशातली. म्हणजे अर्ध्या शतकाहून जास्त काळ पिंजऱ्यात जन्मत आलेल्या खोकडांमध्येही शांत जीव शोधून काढावे लागले. बाकीची घाबरून मागं सरत होती किंवा चावायला धावत होती. पिंजऱ्यात जन्मणं म्हणजे निवड होणं नाही.

आता तुमच्या पिल्लाच्या वयाकडे या. साध्या खोकडाच्या पिल्लात अनोळखी गोष्टीची भीती साधारण सहाव्या आठवड्यात जागी होते. सायबेरियातल्या शांत वाणात ती नवव्या आठवड्याच्या पुढं सरकलेली दिसली. लळा लागायला मिळालेले हे जादाचे आठवडे म्हणजेच त्या सगळ्या मेहनतीचं एक मोठं फळ. तुम्हाला दिलं जाणारं पिल्लू बरोबर त्या उंबरठ्यावर आहे. त्याआधी कुणी त्याला रोज हाताळलं असेल तर ते तुमच्याशी जुळवून घेईल, नसेल तर बहुधा कायमचं बिचकत राहील. आणि हाताळलेलं असलं तरी तणावाच्या संप्रेरकांची पातळी साध्या खोकडात दोन ते चार महिन्यांच्या वयात झपाट्यानं चढते आणि आठव्या महिन्यापर्यंत प्रौढाइतकी होते. तुमच्या मायेनं ही चढण थांबत नाही. तिसऱ्या महिन्यात मांडीवर झोपणारं पिल्लू पाहून लोक मला आनंदानं फोटो पाठवतात. मी त्यांना दहाव्या महिन्यातला फोटो मागते.

सहाव्या ते दहाव्या महिन्यात रानातली पिल्लं आईबापांचा इलाखा सोडून निघतात. काही किलोमीटर तर काही फार लांब, पण निघतात, विशेषतः नर. घरात वाढलेल्या खोकडाच्या अंगातही ती ओढ ठरल्या वेळी उठते. ते रात्रभर दारं ओरबाडतं, जाळी कुरतडतं, कालपर्यंत ज्या हातातून खात होतं त्या हातावर दात दाखवतं. पाठोपाठ विणीचा हंगाम येतो, उत्तर गोलार्धात साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी. मादी वर्षातून एकदाच, जेमतेम दोन-तीन दिवस माजावर असते, पण त्याच्या आगेमागे कित्येक आठवडे घरात शांतता नसते. रात्री ऐकू येणारी ती किंकाळी प्रथम ऐकणाऱ्याला बाईच्या आर्त ओरडण्यासारखी वाटते.

माझ्याकडे आलेला पहिला नर साडेनऊ महिन्यांचा होता. घरातल्या बाई रडत होत्या. त्यांच्या बारा वर्षांच्या मुलानं त्याला पाच आठवड्यांपासून वाढवलं होतं, आणि एका संध्याकाळी सोफ्यामागं लपवलेला मांसाचा तुकडा काढायला गेलेल्या त्याच मुलाच्या मनगटात त्यानं दात रुतवले होते. खोकड माजलेलं नव्हतं, आजारी नव्हतं. त्यानं पुढच्या दिवसासाठी ठेवलेलं अन्न राखलं, एवढंच. खोकडं मिळालेलं अन्न एकाच जागी ठेवत नाहीत, तुकडा तुकडा निरनिराळ्या ठिकाणी पुरून ठेवतात आणि जागा लक्षात ठेवतात. घरात माती नसते म्हणून गादीत, बुटांत, कपड्यांच्या ढिगात पुरतात. कुजकट वास यायला लागल्यावर माणसाला कळतं.

वासाबद्दल लोक विचारतात, पण उत्तर मनावर घेत नाहीत. लाल खोकडाच्या लघवीत गंधकाची संयुगं असतात. त्यामुळे तो वास मांजराच्या किंवा कुत्र्याच्या लघवीसारखा नसतो. उग्र, करपट, घशाशी बसणारा असतो. शेपटीच्या वरच्या अंगाला बुडाजवळ एक ग्रंथी असते, तिचा वास वेगळाच, थोडा फुलासारखा, पण तोही घरभर राहतो. आणि खोकड लघवी फक्त मूत्राशय रिकामं करायला करत नाही. नवी वस्तू, रिकामं झालेलं भांडं, तुमची उशी, पाहुण्याची पिशवी, सगळ्यावर दोन-दोन थेंब टाकून ते नोंद करतं. वाळूच्या पेटीत जायला शिकवता येतं, माझ्याकडची चार शिकली आहेत, पण ती शी-शूची सवय झाली. या खुणा त्यात धरू नका. लहान वयात नसबंदी केली तर वास आणि खुणा करणं दोन्ही बरंच कमी होतं. जात नाही. एका कुटुंबाला शेवटी खोलीची लाकडी जमीन उखडून बदलावी लागली.

खाण्यात चुका होतात त्या अज्ञानानं, आणि त्या मला सगळ्यात जास्त टोचतात, कारण त्या टाळता येतात. खोकडाच्या आहारात टॉरीन हे अमिनो आम्ल मिळायलाच हवं. ते कमी पडलं की हृदयाचे स्नायू सैल पडून हृदय फुगतं, आणि वरून धडधाकट दिसणारं पिल्लू एकाएकी मरतं. फर-फार्मवरच्या खोकडांमध्ये हे नोंदलेलं आहे. कुत्र्याचं शरीर टॉरीन स्वतः तयार करतं, म्हणून कुत्र्याच्या तयार खाद्यात ते असेलच असं नाही. मांजराच्या खाद्यात ते घालावंच लागतं. दुसरी गोष्ट कच्च्या माशाची. 1930च्या दशकात अमेरिकेत एका पैदास करणाऱ्याची खोकडं मागचे पाय लुळे पडून मरू लागली. काही जातींच्या कच्च्या माशांत थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व बी-1, नष्ट करणारं एन्झाइम असतं. तो मासा शिजवून घातला किंवा बंद केला की रोग थांबतो. त्या माणसाच्या नावावरून हा रोग आजही चॅस्टेक पक्षाघात म्हणून ओळखला जातो. तिसरी चूक मी दर वर्षी पाहते: पिल्लाला फक्त मऊ, हाडं काढलेलं मांस घालणं. त्यात कॅल्शियम जवळजवळ नसतं. चौदा आठवड्यांची एक मादी माझ्याकडे आली तेव्हा तिच्या चारही पायांना बाक आला होता आणि एक्स-रेत हाडं काचेसारखी पारदर्शक दिसत होती. घरच्यांनी तिला सगळ्यात महागाचं, सगळ्यात स्वच्छ मांस घातलं होतं. ती वाचली, पण उडी मारायला घाबरायची.

डॉक्टर मिळणं हा स्वतंत्र प्रश्न आहे. पिल्लू आणण्याआधी जवळच्या तीन दवाखान्यांना फोन करा आणि खोकडाला भूल देऊन नसबंदी करणार का, एवढंच विचारा. अनेक जण नकार देतील, आणि अनुभव नसताना 'हो' म्हणणाऱ्यापेक्षा तो नकार चांगला. लसींचीही अडचण आहे. कुत्र्यांना देतात ती डिस्टेंपरची जिवंत, क्षीण केलेली लस काही जातींच्या खोकडांमध्ये खुद्द तो रोगच घडवून आणू शकते, म्हणून लसीचा प्रकार निवडून घ्यावा लागतो.

रेबीजचं मात्र नीट समजून घ्या, कारण घरात मुलं आहेत. कुत्रा किंवा मांजर चावलं तर त्याला दहा दिवस नजरेखाली ठेवता येतं. तेवढ्या काळात ते ठीक राहिलं तर चावताना लाळेत विषाणू नव्हता असं म्हणता येतं. ही दहा दिवसांची मुदत त्या प्राण्यांच्या अभ्यासावर ठरलेली आहे. खोकडाला ती लागू होत नाही. त्याला लस टोचलेली असली तरी अनेक ठिकाणी ती कायद्यानं ग्राह्य धरत नाहीत. त्यामुळे तुमच्या खोकडानं शेजारच्या मुलाला ओरखडा काढला आणि त्यांनी तक्रार केली, तर पुष्कळ ठिकाणी अधिकाऱ्यांकडे एकच मार्ग उरतो: प्राण्याला मारून मेंदूची तपासणी. मी हे काम दोनदा केलं आहे. दोन्ही वेळा तपासणी निर्दोष आली. दोन्ही खोकडं घाबरून चावली होती, एक वाढदिवसाच्या गर्दीत आणि एक फटाक्यांच्या आवाजानं. ज्यांनी त्यांना वाढवलं होतं ते लोक बाहेर बाकावर बसून होते.

मांजराचं विचारलंत. मोठं मांजर आणि लाल खोकड बहुतेक वेळा एकमेकांपासून लांब राहतात, काही जोड्या खेळतातही. पण मांजराचं पिल्लू, ससा, कोंबडी, पिंजऱ्यातला पक्षी या घरात सुरक्षित नाहीत. शिकार कोंडलेली असली तर खोकड गरजेपेक्षा जास्त मारतं. तो त्याचा दुष्टपणा नव्हे. रानात शिकार पळून जाते, खुराड्यात जात नाही.

खोकडाला घरात ठेवता येत नाही, बाहेर त्याचं स्वतःचं आवार लागतं. त्याला वरून छत हवं, कारण दोन मीटरची भिंत ते सहज चढून जातं. जमिनीखाली जाळी हवी, किंवा कुंपणाच्या बुडाशी आतल्या बाजूला मीटरभर आडवी पसरून पुरलेली, कारण ते खणत बाहेर पडतं. दोन दारं हवीत, एक बंद झाल्याशिवाय दुसरं न उघडणारी. माझ्याकडून निसटलेली तीन खोकडं, तिन्ही एकेरी दारातूनच गेली. आत माती, लपायला बिळासारख्या दोन जागा, चढायला ओंडके, आणि रोज नवं काहीतरी शोधायला. माझा अंदाज असा की एका जोडीला चाळीस चौरस मीटरपेक्षा कमी दिलंत तर वर्षभरात त्यांना एकाच वाटेनं गोल गोल फिरायची सवय लागते. ती लागली की सहजी सुटत नाही.

काही जण लाल खोकडाऐवजी फेनेकचा विचार करतात, मोठ्या कानांचं, सहारातलं. ते दीड किलोच्या आतलं असतं, वासही पुष्कळ कमी, म्हणून फ्लॅटमध्ये चालेल असं वाटतं. ते निशाचर आहे. तुम्ही झोपलात की त्याचा दिवस सुरू होतो, आणि तो दिवस म्हणजे खणणं, उड्या आणि कर्कश ओरडणं. हवा 20 अंशांच्या खाली गेली की ते कुडकुडायला लागतं. दाराच्या फटीतून ते क्षणात बाहेर जातं आणि हाक मारली म्हणून परत येत नाही.

कायद्याबद्दल एवढंच: देशागणिक, कधी एकाच देशात राज्यागणिक नियम बदलतात. कुठं पूर्ण बंदी, कुठं परवाना, कुठं जागेची तपासणी. विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका. वन्यजीव खात्याकडून लेखी उत्तर घ्या. रानातून उचललेलं पिल्लू पाळणं बहुतेक ठिकाणी गुन्हाच आहे. आणि वाटेत एकटं पिल्लू दिसलं म्हणून उचलूही नका. मादी बीळ बदलते तेव्हा पिल्लं एक एक करून तोंडात धरून नेते, आणि उरलेलं तिची वाट पाहत असतं. डोळे न उघडलेलं, जखमी, किंवा माश्या घोंगावत असलेलं पिल्लू असेल तरच वन्यजीव बचाव केंद्राला फोन करा, आणि ते येईपर्यंत दूध पाजू नका.

चांगली उदाहरणं नाहीतच असं म्हटलं तर ते खरं होणार नाही. एका जोडप्यानं लाल मादी अकरा वर्षं सांभाळली. त्यांना मूलबाळ नव्हतं, दोघांपैकी एक जण कायम घरी असे, आवार त्यांनी पिल्लू आणायच्या आधी बांधलं आणि अकरा वर्षांत दोघं मिळून कधी गावाला गेले नाहीत, कारण दुसरं कुणी तिला सांभाळू शकत नव्हतं. ती त्या बाईंना पाहून कान मागं पाडून, अंग जमिनीला लावून, आनंदानं किंचाळत यायची. कडेवर घेतलेलं मात्र तिला कधी चाललं नाही, आणि त्यांनीही तो हट्ट धरला नाही. खोकडाचं प्रेम मी रोज पाहते, ते खरं असतं. ते त्याच्या अटींवर असतं, आणि ओरडण्यानं किंवा एका फटक्यानं महिनोन्‌महिने तुटतं. शिस्त लावायची कुत्र्याची पद्धत इथं चालत नाही. बक्षीस देऊन शिकवलेलं मात्र ते पटकन शिकतं.

दहाव्या महिन्यात जमलं नाही तर काय, हा तुम्ही न विचारलेला प्रश्न. रानात सोडता येत नाही. त्याला शिकार येत नाही, माणसाची आणि कुत्र्याची भीती नाही, आणि प्रत्येक चांगला इलाखा आधीच दुसऱ्या खोकडाचा असतो. बचाव केंद्रं भरलेली असतात. माझ्याकडे आज सात आहेत आणि आठव्याला जागा नाही. बंदिवासात लाल खोकड दहा ते चौदा वर्षं जगतं. तुमची मुलं आज शाळेत आहेत, ती घर सोडून जातील तेव्हाही ते त्या आवारात असेल.

म्हणून त्या पैदास करणाऱ्याकडे जाल तेव्हा पिल्लू दाखवू नका म्हणा. त्याच्याकडची दोन-तीन वर्षांची, बाटलीवरच वाढवलेली नर खोकडं दाखवायला सांगा. पिंजऱ्याबाहेर तासभर बसा, मुलांनाही बसवा, वास घ्या, आणि तो स्वतः आत जाऊन त्यांच्या पुढ्यातलं खाणं उचलून दाखवतो का ते बघा. जमलं तर जानेवारीत रात्री पुन्हा एकदा जा. आणि खोकडाची ओढ इतकी असेलच, तर कुठल्याही बचाव केंद्राला आठवड्यातून दोन सकाळी मदतीला माणूस हवाच असतो. माती उपसायची, पाणी बदलायचं, लपवलेलं मांस शोधून काढायचं. मुलांना लांबूनच बघू द्या, पण बघू द्या. पहिल्या महिन्यात खोकडं तुमच्याकडे ढुंकूनही बघणार नाहीत. दुसऱ्या महिन्यात एखादं येऊन बुटाचा वास घेईल.